एकंखाली एकं

परवा दुपारची गोष्ट. बाहेर नागपूरचं ऊन, खिडक्यांवर जाड पडदे, कूलरची घरघर... आणि माझी नात लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगाशी आली. नववी संपली, सुट्टी लागली, नुसतं मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नये म्हणून तिला संगणकाच्या एका वर्गाला घातलंय. तिथे पायथन शिकवतात. मला वाटलं होतं अजगरावरून नाव असेल, पण तिने सांगितलं की ते एका इंग्रजी विनोदी मालिकेवरून घेतलंय. असो.

"आजी, बघ. सातचा पाढा! माझ्या प्रोग्रामने लिहिला, एका सेकंदात."

मी चष्मा लावला. पडद्यावर एकच ओळ होती. आकडे इंग्रजी होते, मी इथे मराठीत लिहिते :

७१४२८५६११२२२४४४८८९६१७९२३५८४

"हा पाढा आहे की कुणाचा फोन नंबर?" मी विचारलं.

"अगं, मधे जागा सोडायची राहिली. ते फक्त फॉरमॅटिंग. ते नंतर करता येतं. लॉजिक बरोबर आहे ना!"

मी म्हटलं, बाई, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांसाठी आत्ताच कर. प्रत्येक उत्तर वेगळ्या ओळीवर घे. तिने एक शब्द इकडचा तिकडे केला आणि ओळी पडल्या :

७ × १ = ७
७ × २ = १४
७ × ३ = २८
७ × ४ = ५६

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सात त्रिक एकवीस!" चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, कान आणि जीभ अजून शाबूत आहेत. नात आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पडद्याकडे. खाली खाली तर कहर होता. सात दाहे तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी.

झालं असं होतं की वर्गातल्या सरांनी गुणाकार न वापरता, नुसत्या बेरजेने पाढा करायला सांगितला होता. म्हणजे प्रत्येक फेरीला आधीच्या उत्तरात सात मिळवायचे. हिने सात मिळवायच्या ऐवजी उत्तरातच उत्तर मिळवलं. सात आणि सात चौदा, चौदा आणि चौदा अठ्ठावीस, अठ्ठावीस आणि अठ्ठावीस छप्पन्न... पाढा नाही, दामदुप्पट! गंमत म्हणजे पहिल्या दोन ओळी बरोबर येतात, तिसरीपासून सगळं बिघडतं. एकाच ओळीत आकडे कोंबलेले असताना ही चूक कुणालाही दिसली नसती. मलासुद्धा नाही.

या प्रसंगावर मी दोन-तीन दिवस विचार करते आहे. मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली शाळामास्तरीण. २००१ साली आपल्याकडे एमएस-सीआयटी सुरू झालं आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आम्हा शिक्षकांनाही ते करावं लागलं, तेवढीच माझी पदवी. त्यात पत्र टाईप करणं आलं, तक्ता करणं आलं, पण लूप वगैरे काही नव्हतं. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते मास्तरणीचं मत समजा. पण मत मात्र ठाम आहे : "फॉरमॅटिंग नंतर" हे वाक्य नवशिक्या पोरांना शिकवू नये.

आधी लूपविषयी. नातीने मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ते दहा वेळा लिहायचं नाही. एकदा लिहायचं आणि यंत्राला सांगायचं की इतके फेरे मार. प्रत्येक फेऱ्यात एक गोष्ट बदलते, बाकी सगळं तेच राहतं. मी म्हटलं, यात नवीन काय? सात हा कायम, एके-दुणे-त्रिक-चोक बदलत जातं. पाढा म्हणजे लूपच की! आम्ही पहिली-दुसरीत भिंतीला टेकून, पुढे-मागे डुलत जे म्हणत होतो ते हेच. फरक इतकाच की तेव्हा यंत्र आम्हीच होतो.

आणि म्हणूनच आमचं चुकलं की लगेच कळायचं. तीस पोरं एका सुरात म्हणत असताना एकाची जीभ अडखळली की ते बेसूर कानाला लागायचं. यंत्राला तसा कान नाही. ते दामदुप्पट तितक्याच शांतपणे करतं जितक्या शांतपणे पाढा करतं. त्याला तुम्ही सांगितलेलं काम कळतं, तुमच्या मनातलं काम कळत नाही. मग बेसूर कुणाला ऐकू यायला हवं? समोर बसलेल्या माणसाला. त्या माणसाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे उत्तर साधारण काय यायला हवं याचा अंदाज, आणि दुसरी म्हणजे आलेलं उत्तर डोळ्यांना वाचता येईल असं मांडलेलं असणं. पहिली गोष्ट पाठांतराने येते. दुसरीला हे लोक फॉरमॅटिंग म्हणतात.

आमच्या वेळी त्याला वेगळं नाव होतं. बेरजेचं गणित मांडताना बाई ओरडायच्या, "एकंखाली एकं, दहंखाली दहं!" पुढे मी स्वतः बाई झाल्यावर मीही तेच ओरडले. ज्या मुलाने २०७ खाली ३५ लिहिताना तीन दोनाखाली नेला, त्याचं उत्तर चुकणारच. त्याला बेरीज येत नाही असं नव्हतं, त्याची मांडणी चुकलेली असायची. मांडणी म्हणजे सजावट नव्हे, मांडणी म्हणजे अर्धं गणित.

नातीला विचारलं, हे संगणकात कसं करतात? तिने शोधून काढलं. आकड्याला किती घरं द्यायची ते सांगता येतं. चार घरं दिली की सात हा आकडा तीन रिकाम्या जागा सोडून चौथ्या घरात बसतो, चौदा दोन जागा सोडून बसतो, आणि सगळे एकं एकाखाली एक येतात. तिने आपला तो चुकीचा पाढाच पुन्हा तसा छापला. आणि काय सांगू, चूक आता न वाचताही दिसायला लागली. आकड्यांची उजवी कड सरळ होती, पण डावी कड जिन्यासारखी पसरत चालली होती. एक अंक, दोन अंक, तीन अंक, चार अंक. सातचा पाढा सत्तरला संपतो. त्याला दोन घरांच्या वर जागा लागूच नये. चार घरं लागली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. ती स्वतःच म्हणाली, "अरे, हे तर मला आधीच दिसलं असतं."

हेच माझं म्हणणं आहे.

माझा एक भाचा पुण्याला संगणकाच्याच नोकरीत आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, सुरुवातीला पोरांना सजावटीत अडकवू नये गं. आधी विचार पक्का व्हावा. नाहीतर ती पोरं जागा मोजत बसतात आणि लूप राहतो बाजूला." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. शाळेत मीही अशी मुलं पाहिली आहेत. समास आखायला, तांबड्या शाईने शीर्षक लिहायला अर्धा तास, आणि उत्तर दोन ओळींचं. तसं नको.

पण त्याच भाच्याचं एक जुनं पुस्तक आमच्या माळ्यावर पडून होतं. इथे राहून इंजिनिअरिंग शिकला तेव्हाचं. कर्निगन आणि रिची या दोघांचं, सी या भाषेवरचं. मूळ पुस्तक १९७८ सालचं. नातीला घेऊन, शब्दकोश शेजारी ठेवून, मी त्यातलं पहिलं प्रकरण वाचायचा प्रयत्न केला. त्यात लूपचं पहिलं उदाहरण काय आहे माहीत आहे? तापमानाचा तक्ता. फॅरनहाइट शून्यापासून तीनशेपर्यंत, वीस-वीसच्या उड्या, आणि समोर सेल्सिअस. म्हणजे बघा, लूपची ओळखच तक्त्याने होते! तक्ता आला की लेखक लगेच म्हणतात, यात दोन उणिवा आहेत. पहिली, आकडे उजवीकडे नीट जुळलेले नाहीत. मग एका रकान्याला तीन घरं आणि दुसऱ्याला सहा घरं देऊन ते दुरुस्त करतात. दुसरी उणीव जास्त गंभीर. पूर्णांकात हिशोब केल्यामुळे शून्य फॅरनहाइटला उणे १७ येतं, खरं ते उणे १७.८ च्या आसपास हवं. मांडणीची उणीव त्यांनी सोपी मानली आहे, हे कबूल. पण सोपी म्हणून पुढे ढकललेली नाही. दुरुस्त आधी तीच केली आहे.

भाच्याला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मावशी, हे पान मी वाचलंय, पण असं नाही वाचलं."

त्याही मागे जायचं तर इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजचं उदाहरण आहे. १८२० च्या दशकात त्याने हिशोबाचं यंत्र योजलं ते कशासाठी? गणिताच्या आणि खगोलाच्या छापील कोष्टकांत चुका फार असायच्या म्हणून. त्या चुका नुसत्या गणितातल्या नसत. नकलून काढताना, छापखान्यात खिळे जुळवताना आकडा बदलायचा. म्हणून त्याच्या यंत्राने नुसती आकडेमोड करून थांबायचं नव्हतं, छपाईचा साचाही स्वतःच उठवायचा होता. म्हणजे आकडेमोड करणं आणि ती नीट उमटवणं हे एकच काम आहे, हे त्या माणसाला दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता नवशिक्यांना वर्गात काय करायला देतात ते पाहू. नातीच्या वहीत पानंच्या पानं चांदण्यांची आहेत. पहिल्या ओळीत एक चांदणी, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मग उलटा त्रिकोण, मग पिरॅमिड, मग पतंग. सुरुवातीला मला हे अगदी निरर्थक वाटलं. मग लक्षात आलं की यात एक गुण आहे. चांदण्यांच्या त्रिकोणात आकार हेच उत्तर असतं, त्यामुळे चूक झाली की त्रिकोण वेडावाकडा दिसतो. म्हणजे जे मी पाढ्यासाठी मागते आहे ते तिथे आयतंच आहे. तेव्हा चांदण्या अगदी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण पोरं ते आकारच पाठ करतात. पतंगाचा प्रोग्राम असा, पिरॅमिडचा असा. पाठांतराला माझा विरोध नाही, हे वर लिहिलंच आहे. पण पाठ करायचंच तर पाढे करा की! पिरॅमिड पाठ करून जन्मात काय कामाला येणार?

म्हणून त्या चार दिवसांत मीच तिला गृहपाठ दिला. आमच्या मराठी घरात लूपला कामं कमी आहेत का?

पहिला गृहपाठ, कुठल्याही आकड्याचा पाढा. या वेळी तिने गुणाकार वापरला. तरी पहिल्या झटक्यात पाढा नवावर थांबला. सात नवे त्रेसष्ट, आणि पुढे शांतता. माझा कान "सात दाहे सत्तर" साठी ताटकळलेला. कारण असं की पायथनमध्ये एकपासून दहापर्यंत असं सांगितलं तर ते दहा धरत नाही, दहाच्या अलीकडे थांबतं. दहा हवे तर अकरा लिहायचे. आपल्याकडे "सोमवारपासून शुक्रवारपर्यंत शाळा" म्हटलं तर शुक्रवारी शाळा असते. त्यांच्याकडे शुक्रवारी सुट्टी! हे एकदा घरच्या भाषेत सांगितल्यावर ती पुन्हा चुकली नाही.

दुसरा गृहपाठ सवायकीचा. आजच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही नावंही माहीत नाहीत. औट म्हणजे साडेतीन हे सांगितल्यावर नात हसतच सुटली. १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि या अपूर्णांकांच्या पाढ्यांचं पोटापाण्याचं काम संपलं. मी तेव्हा अगदी लहान. पण घरातल्या मोठ्यांच्या तोंडी ते पुढे कितीतरी वर्षं होते, त्यामुळे आम्हालाही आले. सवायकीचा प्रोग्राम तिने चटकन लिहिला. उत्तर आलं : १.२५, २.५, ३.७५, ५.०.

मी विचारलं, हे रुपये समजून वाच. ती म्हणाली, "एक रुपया पंचवीस पैसे, दोन रुपये पाच पैसे..." आणि तिथेच थांबली. तिला स्वतःलाच चूक कळली. यंत्राचं गणित शंभर टक्के बरोबर होतं. वाचणाऱ्याची चूक यंत्राच्या लिहिण्याने करवली. मग तिने दशांशाच्या पुढे कायम दोन घरं द्यायला सांगितली. १.२५, २.५०, ३.७५, ५.००. टिंबाखाली टिंब. आता कुणी पाच पैसे वाचेल का? शाळेत वर्षानुवर्षं मी ही चूक मुलांच्या वहीत तांबड्या शाईने दुरुस्त केली आहे. ती वहीतून पडद्यावर आली, एवढंच.

तिसरा गृहपाठ मात्र मला शिकवून गेला. मी म्हटलं, पाढा मराठीत छाप. आधी आकडे. ती खट्टू झाली, पण करून पाहिलं तर एक मजा निघाली. पायथनला तुम्ही मराठीत ७ टाईप करून दिला आणि त्याचा अंक कर म्हटलं तर ते बिनबोभाट सात समजतं. पण उत्तर छापताना इंग्रजीच आकडे छापतं. म्हणजे मराठी समजतं, बोलत मात्र इंग्रजीत! आपल्याकडची कितीतरी घरं अशीच आहेत म्हणा... मग तिने शून्य ते नऊ हे दहा मराठी अंक एका ओळीत लिहून ठेवले, आणि लूप लावून उत्तरातल्या प्रत्येक अंकाच्या जागी त्याचा मराठी जोडीदार बसवला. छोटासा प्रोग्राम, पण लूप म्हणजे काय हे मला त्यातच खरं कळलं.

मग तिला वाटलं, शब्दांतच छापू. "सात त्रिक एकवीस." त्यासाठी आकड्यांची नावं हवीत. ती म्हणाली, इंग्रजीत सोपं आहे. एक ते एकोणीस हे एकोणीस शब्द, आणि वीस, तीस ते नव्वद हे आठ. सत्तावीस शब्दांत नव्याण्णवपर्यंतचं काम भागतं, बाकी लूप जोडून देतो. मराठीत कसं करायचं? मी म्हटलं, नियम शोध. तिला एक सापडला : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे पुढच्या दशकाला एक उणा. मस्त चालला एकोणनव्वदपर्यंत. आणि मग नव्याण्णव! तिथे 'एकोणशंभर' नाही. बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी... दोनाची रूपंच बघा. नियम आहेत, पण प्रत्येक नियमाला अपवाद. शेवटी सगळे शब्द एकेक करून लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लूपने हात टेकले.

आणि मला २०१९ सालचा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीला 'वीस एक', 'त्रेपन्न' च्या जोडीला 'पन्नास तीन' अशी पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. विधानसभेतही विषय निघाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांचे शब्द लहान मुलांना जड जातात, शिवाय लिहिताना आधी दोन आणि मग एक, बोलताना मात्र आधी एक आणि मग वीस, याने मुलं गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्या वेळी फार चिडले होते. आमच्या भाषेची वाट लावता का, असं चारचौघांत तावातावाने बोलले होते. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. आज नातीबरोबर ते शंभर शब्द टाईप करताना वाटलं, त्यांना जी अडचण दिसत होती ती खोटी नव्हती. लूप जिथे अडला तिथेच दुसरीतलं पोरही अडतं.

तरी माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. मुलाला चढ चढायला मदत करा, पण चढ सपाट करू नका. नातीला त्या शंभरांतले अकरा शब्द येत नव्हते. एकोणसाठ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे एकोणसत्तर यायचं, सदुसष्ट तिने मला दोनदा विचारला. ही मुलगी मराठी घरातली. हे शब्द तिला पुस्तकाने नाही, बाजारातल्या भाजीवाल्याने नाही, शेवटी एका प्रोग्रामच्या निमित्ताने आले. अकरा शब्द मिळाले, हे काय कमी आहे? आणि पाढ्यात आमच्या शाळेत सात साते म्हणत नसत, "साती साती एकोणपन्नास" म्हणत. तो अपवाद तिने वेगळी अट घालून बसवला. तेवढ्यासाठी मी तिला आंब्याची एक फोड जास्त दिली.

शेवटची अडचण मांडणीचीच निघाली. शब्दांचे रकाने जुळेनात. शोधलं तर कळलं की यंत्र आपली अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. एकवीस आणि अठ्ठावीस, दोन्ही शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचे. वृत्त शिकवताना मी असे हजारो शब्द फळ्यावर मोजले आहेत. पण यंत्र काना, वेलांटी, पायमोडकं हे सगळं सुटं मोजतं. त्याच्या लेखी एकवीस पाच आणि अठ्ठावीस आठ! त्यामुळे ते अठ्ठावीसच्या पुढे तीन जागा कमी सोडतं आणि रकाना वाकडा होतो. मी म्हटलं, आता? नातीने थोडा विचार केला आणि शब्दांचा रकाना उचलून सगळ्यात शेवटी टाकला. त्याच्या पुढे काही नाहीच, मग वाकडं काय होणार? मला तिचं खरंच कौतुक वाटलं. पंधरा वर्षांच्या पोरीने अडचण सोडवली नाही, तिला वळसा घातला. संसारात बायका हेच करतात.

मोठ्या रकमांचंही असंच. पायथनमध्ये स्वल्पविराम घालायची जी सोपी खूण आहे ती तीन-तीनाने तोडते : १,२३४,५६७. आपण बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट वाचणारी माणसं, आपल्याला १२,३४,५६७ हवं. ते तिला पुढच्या आठवड्यासाठी दिलंय. बघू.

तर सांगायचं ते एवढंच. नवशिक्यांना शिकवणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. लूप लिहायच्या आधी पहिले तीन फेरे वहीत हाताने काढायला लावावेत. दोन नकोत, तीन. दामदुप्पट दोनाला पकडता येत नाही, तिसऱ्याला येते. आणि प्रोग्राम 'चालला' असं म्हणायच्या आधी उत्तर अशा रीतीने छापून घ्यावं, की ज्याला संगणक येत नाही अशा घरातल्या एका माणसाला ते वाचता येईल. आजी असेल तर उत्तम. तिला वाचता आलं नाही तर काम पुरं झालं नाही असं समजावं.

काल संध्याकाळी नातीने शेवटची यादी माझ्यासमोर धरली. डावीकडे मराठी आकडे, एकंखाली एकं, उजवीकडे शब्द. ती वाचायला लागली, सात एके सात, सात दुणे चौदा... आणि तिसऱ्या ओळीपासून पडद्याकडे न बघताच म्हणायला लागली. मीही तिच्याबरोबर म्हटलं. कूलरच्या आवाजात दोघींचा सूर लागला होता. दाहे सत्तरला पोचलो तेव्हा लॅपटॉपचा पडदा केव्हाच काळा झाला होता.